कुमुदताईंचा मराठीतला निकाल

प्रमुख पाहुण्यांना पहिल्या रांगेतून उठवण्याचा मान मस्कतच्या आमच्या मराठी मंडळात आजवर एकट्या माझ्याकडे आहे.

अल् घुब्राच्या इंडियन स्कूलच्या हॉलमध्ये मंडळाच्या मुलांची वक्तृत्व स्पर्धा होती आणि मला छातीवर लावायला ‘स्वयंसेवक’ असा बिल्ला मिळाला होता. ऑफिसात मी हिशेबनीस. तिथे मला कुणी बिल्ला देत नाही. आमचा अर्बाब, म्हणजे मालक, तर गेली कित्येक वर्षं मला ‘मिस्टर अकाउंट्स’ म्हणूनच हाक मारतो. त्यामुळे बिल्ला लागला की माझ्या अंगात येतं. पहिल्या रांगेत मधोमध एक बाई बसलेल्या दिसल्या. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, फिकट सुती पातळ, मांडीवर कापडी पिशवी. कुणाची तरी सासू नातवंडाचं भाषण ऐकायला आली असणार, असं मी ठरवून टाकलं.

“मावशी, ही रांग पाहुण्यांसाठी आहे. मागे बसा.”

“किती मागे?”

“जागा मिळेल तिथे. पण मागे.”

त्या उठल्या आणि थेट शेवटून दुसऱ्या रांगेत जाऊन बसल्या. मग बराच वेळ आमचे सेक्रेटरी प्रमुख पाहुण्यांसाठी गेटवर फेऱ्या मारत होते, फोन लावत होते, ट्रॅफिकला शिव्या देत होते. शेवटी गाडी पार्क करून आलेल्या प्रज्ञाने, म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या इंजिनीयर मुलीने, विचारलं, “माझी आई कुठे बसलीय?” तेव्हा उलगडा झाला. हायकोर्टाच्या निवृत्त न्यायमूर्ती कुमुद डोंगरदिवे मागच्या रांगेत एका पोराच्या वेफर्सच्या पाकिटाकडे शांतपणे बघत बसल्या होत्या.

मी घामाघूम. “मॅडम, अहो, सांगायचं तरी!”

“तुमचा आदेश स्पष्ट होता,” त्या म्हणाल्या. “त्याविरुद्ध दाद कुठे मागायची, ते तुम्ही सांगितलं नव्हतं.”

चेहऱ्यावर हसू नाही. पुढे ओळख वाढल्यावर कळलं, की तेच त्यांचं हसू होतं.

त्या दिवशी परीक्षकही त्याच होत्या. पहिला, दुसरा, तिसरा नंबर जाहीर झाला, टाळ्या झाल्या, फोटो झाले, लोक समोशांकडे वळले. कुमुदताई मात्र ज्या मुलांना काहीच मिळालं नव्हतं त्यांना एकेकाला शेजारच्या खुर्चीवर बोलावून घेत होत्या. प्रत्येकाला सांगत होत्या, तुझा नंबर का आला नाही. आमच्या मस्कतच्या मुलांचं मराठी म्हणजे दोन पावलं चालतं आणि बसतं. एक मुलगा म्हणाला, “आजी, ॲक्चुअली मी मधलं सगळं विसरलो.” त्या म्हणाल्या, “विसरलास म्हणून नाही. विसरल्यावर तू आईकडे बघितलंस. तिच्याकडे उत्तर नव्हतं, श्रोत्यांकडे बघायचं होतं.” पोरगं विचारात पडलं, पण रडलं नाही. बाहेर आया गाड्यांचे एसी चालू ठेवून ताटकळत होत्या.

त्याआधी भाषणातही त्यांनी तेच सांगितलं होतं. “जिंकणारा निकाल वाचत नाही. तो शेवटची ओळ बघतो आणि पेढे आणायला जातो. निकाल लिहायचा असतो हरणाऱ्यासाठी. आपण का हरलो, हे त्याला कळलं पाहिजे. पटलं नाही तरी चालेल, पण कळलं पाहिजे. मी आयुष्यभर हरणाऱ्यासाठीच लिहिलं.”

आम्ही जोरात टाळ्या वाजवल्या. असली वाक्यं आम्हाला आवडतात. ती फॉरवर्ड करता येतात.

त्या लेकीकडे राहायला आल्या होत्या. संध्याकाळी घुब्राच्या समुद्रावर चालायला जायच्या आणि मला शुगर असल्यामुळे नीलाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, मला त्यांच्याबरोबर जुंपलं. तिथून मग आमच्याकडे चहा. सुरुवातीला तोही त्या घेत नसत. न्यायाधीशाने कुणाकडे उठबस करू नये, उद्या त्याच माणसाची केस समोर आली तर काय, ही सवय इतकी मुरलेली की इथे परमुलखातही त्या आधी माझ्याकडे बघून अंदाज घेत. “तुमचं कुठे काही प्रकरण चालू नाही ना?” मी म्हणालो, “घरात चालू आहे फक्त.” तेव्हा कुठे कप उचलला.

घरातल्या प्रकरणाचंही सांगतो. एकदा चालता चालता मी नीलाची तक्रार करायला लागलो. गावी फ्लॅट घ्यायचा की नाही, यावरून आमचं बिनसलं होतं. मी दोन वाक्यं बोललो असेन. कुमुदताई थांबल्या.

“नीलाबाईंना नोटीस दिलीय?”

“कसली नोटीस?”

“त्यांच्या गैरहजेरीत तुम्ही मला हे सांगताय, याची.”

“अहो, मी नुसतं मन मोकळं करतोय.”

“मग समुद्राकडे करा. तो काही ठरवत नाही. मी ऐकलं की माझ्या डोक्यात काहीतरी ठरायला लागतं.”

घरी आल्यावर त्यांनी नीलाला स्वयंपाकघरातून बोलावलं आणि म्हणाल्या, “यांची काही तक्रार आहे. यांना तुमच्यासमोर बोलू द्या.” मी तक्रार तिथेच मागे घेतली. नीलाला आजपर्यंत तो कुमुदताईंनी दिलेला निकाल वाटतो आणि तो आपल्या बाजूने लागला असं ती सांगते.

त्यांच्या आयुष्याबद्दल त्या फारसं बोलत नसत. विदर्भातल्या एका खेड्यात वडील शाळामास्तर, घरात बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली बसून अभ्यास, एवढं एकदा सांगितलं. वकिली, मग तालुक्यातली कोर्टं, जिल्हा, शेवटी हायकोर्ट. “पहिल्या पोस्टिंगला शिरस्तेदार माझ्याकडे बघून म्हणाला, साहेब कधी येणार? मी म्हटलं, आल्यात. तो दरवाज्याकडे बघतच राहिला.” म्हणजे मी काही पहिला नव्हतो, एवढाच मला दिलासा.

आता दीपक परबबद्दल सांगायला हवं. चाळिशीचा, कणकवलीकडचा. दार्सैतला राहतो, एसी मेंटेनन्सच्या कंपनीत इंजिनीयर आहे. मंडळाच्या कार्यक्रमात माइक, स्पीकर, स्टेजवरचे दिवे सगळं त्याच्याकडे. तोंडाने फटकळ. मला ‘बिल्लेवाले काका’ म्हणतो. उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या घरच्या हॉलचा एसी बंद पडला. मी कंपनीला फोन न करता दीपकला केला, कारण तो शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, येतो आणि जेवणावर भागतं. कुमुदताई आणि प्रज्ञाही त्या दिवशी जेवायला आमच्याकडेच होत्या.

दीपक स्टुलावर चढून जाळी काढत होता. मी खालून सूचना देत होतो.

“काका, तुम्ही बिल्ला लावून या. मग सांगा.”

कुमुदताईंनी मान वर करून विचारलं, “तुम्ही त्या दिवशी हॉलमध्ये माझ्या शेजारी बसला होता ना?”

“हो, मॅडम.” त्याने जाळी खाली माझ्या हातात दिली. “काकांनी तुम्हाला उठवलं म्हणून. नाहीतर तुम्ही पुढे, मी मागे. अर्धा तास बाजूला होतो. फोटोवरून ओळखलं होतं. बोलायचं होतं. जमलं नाही.”

“मग आता बोला.”

तो स्टुलावरून उतरला. हात पुसत बसला. ते हात आधीच पुसून झाले होते.

“तुम्ही म्हणालात, निकाल हरणाऱ्यासाठी लिहिता. माझी आई हरली होती, मॅडम. तुमच्या कोर्टात. तुम्हीच लिहिलेला.” तो क्षणभर थांबला. “पण तो इंग्रजीत होता.”

माझ्या हातात जाळी. त्यातली सगळी धूळ माझ्या पायावर पडत होती आणि मला ती झटकायचं सुचत नव्हतं. दीपकला वडील नाहीत, हे मला माहीत होतं. ते कसे गेले, हे वर्षानुवर्षं मी त्याला कधी विचारलं नव्हतं. त्याने ते आत्ता चार वाक्यांत सांगितलं. जमिनीच्या बांधावरून भावकीतल्या माणसांनी त्यांना संध्याकाळच्या वेळी कोयत्याने मारलं. बघणारी एकटी आई. खालच्या कोर्टाने जन्मठेप दिली. हायकोर्टाने सोडलं.

मला वाटलं, त्या म्हणतील, हजारो निकाल लिहिले, आठवत नाही. त्यांनी नाव विचारलं. गाव विचारलं. आरोपींची नावं विचारली. मग म्हणाल्या, “दोघांचं खंडपीठ होतं. पण लिहिला मी. तुम्ही वाचलाय?”

“वाचलाय. शिकलो, इंग्रजी आलं, तेव्हा पहिला तोच वाचला.”

“आईंना सांगितलात?”

“नाही. पुरावा कमी पडला, एवढंच सांगितलं. खरं कारण मला सांगवत नाही.” मग एकदम म्हणाला, “शेजारी तेच लोक राहतात, मॅडम. एकच अंगण. भांडण झालं की म्हणतात, कोर्टानं तुका खोटी ठरवली. आई मला विचारते, काय खोटं बोललंय रे मी? मी काय सांगू? तुम्ही सांगा. तिच्यासाठी लिहिलाय ना?”

नीला ताटं मांडून उभी होती. कुमुदताई उठल्या. “आज मी इथे जेवणार नाही, नीलाबाई. पुढच्या शुक्रवारी येईन. दीपक, त्या वेळी आईंना फोनवर घ्या. त्यांचा चेहरा दिसला पाहिजे.”

आठवडाभर त्या चालायला आल्या नाहीत. प्रज्ञा लिफ्टमध्ये भेटली तेव्हा म्हणाली, “कोर्टाच्या वेबसाइटवरून तो निकाल काढून दिलाय. वाचतेय. मी विचारलं, आई, बरोबर होता ना? तर म्हणाली, कायद्याने बरोबर होता. आणि परत वाचायला बसली.”

शुक्रवारी त्या आल्या. सोफ्यावर बसल्या नाहीत, डायनिंगची सरळ पाठीची खुर्ची मागितली. हातात कागद नव्हता. दीपकने फोन पाण्याच्या जगला टेकवून ठेवला. पडद्यावर त्याची आई आली. बारीक, काळीसावळी, कपाळ मोकळं, मागे चिऱ्याची भिंत. फोन इतका जवळ धरलेला की अर्धा वेळ नुसता कानच दिसत होता.

“आये, जरा लांब धर.”

“लांब धरलंय तर दिसत नाय माका.”

कुमुदताईंनी नमस्कार केला. “मी कुमुद डोंगरदिवे. तुमच्या नवऱ्याच्या केसचा निकाल मी लिहिला होता. तो तुम्हाला मराठीत सांगायला बसलेय. मध्ये काही विचारायचं असेल तर विचारा.”

“सांगा, बाईनू.”

आणि त्या सांगायला लागल्या. मी तसं मराठी आजपर्यंत ऐकलेलं नाही. कुठेही अवघड शब्द नाही. कोयत्यावर रक्त सापडलं, पण ते कुणाचं, हे तपासलं गेलं नाही. पंचांनी साक्ष फिरवली. पोलिसांनी एका दिवसाचा उशीर लावला. प्रत्येक मुद्दा झाला की थांबायच्या, “कळलं?” विचारायच्या. बाई मान हलवायच्या. मला आतून हायसं वाटत होतं. बघा, किती व्यवस्थित आहे, असंच काहीसं मी नीलाकडे बघून खुणावलंही.

“मग राहिली तुमची साक्ष,” कुमुदताई म्हणाल्या. “तुम्ही डोळ्यांनी पाहिलं. तुमच्या साक्षीवर आम्ही विश्वास ठेवला नाही. कारण...”

त्या थांबल्या. आम्ही वाट बघितली. त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. दीपक खाली बघत होता. त्याला पुढचं वाक्य माहीत होतं.

“कारण तुमचं वागणं...” पुन्हा थांबल्या. मग प्रज्ञाकडे वळून अगदी हळू म्हणाल्या, “इंग्रजीत हे वाक्य उभं राहत होतं गं.”

प्रज्ञाने पाण्याचा ग्लास पुढे केला. तो त्यांनी बाजूला सारला, पदर सारखा केला आणि फोनकडे बघून एका दमात म्हणाल्या, “नवऱ्याला मारताना बघून तुम्ही ओरडला नाहीत. कुणाला बोलावलं नाहीत. घरी आलात, चूल पेटवली, मुलाला पेज करून भरवली. सकाळी पोलीस पाटलाकडे गेलात. बायको असं वागत नाही, म्हणून तुम्ही तिथे नव्हतातच, असं आम्ही लिहिलं.”

नीला खुर्ची ओढून बसली.

“ती पेज मी खाल्ली,” दीपक म्हणाला. त्याचा चेहरा मला बघवला नाही. “मला ताप होता. मी रडत होतो म्हणून तिने चूल पेटवली. मी गप्प बसलो असतो तर...”

“तू गप रव,” फोनमधून आवाज आला. मग बाईंनी फोन खरोखरच लांब धरला आणि पहिल्यांदा त्यांचा पूर्ण चेहरा दिसला. “बाईनू, ते कोयतो घेवन भायर फिरत होते. मी बोंब मारलंय असतंय तर ते घरात इले असते. घरात ह्यो पोर होतो, तापान फणफणलेलो. मी दार लावन घेतलंय. पोर उपाशी. त्याका उपाशी निजवन मी बोंबलत बसाक व्हया होता काय? तुमीच सांगा. तुमी बायलमाणूस.”

कुमुदताईंनी फोनवरची नजर काढली नाही.

“आणि तू कित्याक रडतंस रे?” आई लेकाला म्हणाली. “अर्धी पेज तर सांडलंस तेव्हा.”

दीपक हसला की त्याने हुंदका दिला, ते मला कळलं नाही.

कुमुदताई खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. “बाई, निकाल बदलायचा अधिकार मला नाही. ते सुटले, ते सुटलेच. पुरावा कमी होता, हेही खरं. पण तुमच्या वागण्याबद्दल जे लिहिलं, ते लिहायला माझ्याकडे काही आधार नव्हता. मी तुम्हाला एकही प्रश्न विचारलेला नव्हता. वर हायकोर्टात आमच्यासमोर साक्षीदार येत नाही, फक्त कागद येतात. ते वाक्य चूक होतं.”

बाईंनी फोन दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाल्या, “ह्या माका सांगून काय उपेग? माका म्हायत आसा, मी काय बघलंय तां. ह्या भायर सांगा.”

“बाहेर?”

“अंगणात बसले आसत सगळे. मी फोन घेवन जातंय.”

दीपक ओरडला, “आये, नको!” पण पडद्यावर भिंत हलायला लागली होती. दार, उंबरा, मग भगभगीत उजेड. शेणाने सारवलेलं अंगण, त्यात प्लास्टिकच्या खुर्चीत एक म्हातारा, पायरीवर दोन बायका, सून असावी एक. बाईंनी फोन उलटा फिरवून त्यांच्यासमोर धरला आणि आवाज मोठा केला. “आयका. कोर्टातल्या बाई आसत.”

माझ्या मनात आलं, आता कुमुदताई फोन बंद करायला सांगतील. असं कुठे असतं का? निवृत्त न्यायमूर्ती, मस्कतमधला कुणाचा तरी हॉल, कणकवलीजवळचं कुणाचं तरी अंगण. कुठल्या नियमात बसतं हे? मी प्रज्ञाकडे बघितलं. तिने तोंडावर हात धरला होता.

कुमुदताईंनी घसा साफ केला आणि मोठ्या, कोरड्या, कोर्टातल्याच आवाजात बोलल्या. “मी तुमच्या केसचा निकाल लिहिला. कोर्टाने तुम्हाला सोडलं आहे आणि त्यात काही बदल नाही. पण या बाईंना कोर्टाने खोटी ठरवली, असं कुणी म्हणत असेल, तर त्याने ऐकावं. यांच्या वागण्याबद्दलचं ते वाक्य माझं होतं, आणि ते चुकीचं होतं. हे मी माझ्या तोंडाने सांगते आहे. पुन्हा यांना खोटी म्हणाल, तर माझं नाव घेऊन म्हणू नका.”

पायरीवरच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. खुर्चीच्या हातावर जोर देऊन म्हातारा उठला, चप्पल शोधली, एकच सापडली, आणि एका पायात चप्पल घालून तसाच घरात गेला. दार लावल्याचा आवाज आम्हाला मस्कतमध्ये ऐकू आला.

“झाला,” दीपकची आई म्हणाली. “आता ठेवतंय. चुलीर भात आसा.”

त्या दिवशी आमच्याकडे कुणी नीट जेवलं नाही. दीपक जिना उतरून गेला तो गाडीत बराच वेळ नुसता बसून होता, मी गॅलरीतून बघत होतो. संध्याकाळी नीलाने वर डबा पोचवायला सांगितलं म्हणून मी गेलो. प्रज्ञाने दार उघडलं आणि बोटाने गप्प राहायची खूण केली. आत टेबलाशी कुमुदताई बसल्या होत्या, समोर टॅब्लेट. त्यांचे जुने निकाल. त्या एकेक इंग्रजी वाक्य वाचत होत्या आणि ते मोठ्याने मराठीत म्हणत होत्या, जणू समोर कुणी बसलंय. काही वाक्यं सरळ निघत होती. एका वाक्याशी त्या अडल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मी डबा दाराशी ठेवून खाली आलो. महिनाअखेरीला त्या नागपूरला परत गेल्या. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

त्या संध्याकाळी मी खाली आलो तर नीला पोळ्या लाटत होती, आमची दोन्ही मुलं ताट घेऊन बसलेली. मी उभ्या उभ्याच बोलायला लागलो, केवढा धक्का, केवढ्या मनाची बाई, आणि ती दुसरी बाई, मी तर अजून सुन्न आहे, वगैरे वगैरे. तिने पोळी तव्यावर टाकली.

“आत्ताच सांगून ठेवते,” ती म्हणाली. “उद्या तुम्हाला काही झालं, तर मीसुद्धा आधी पोरांना वाढणार. मग रडणार. तेव्हा उगाच कुणाला नवल वाटायला नको.”